दात काढल्यानंतरची रात्र

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सकाळी एका मुलाची किडलेली दाढ काढली जाते. कापसाचा बोळा दाताखाली धरून आणि आईचा पदर घट्ट पकडून ते मूल बाहेर येते. आईच्या हाती केसपेपर असतो, त्यावर घाईघाईने लिहिलेली दोन औषधांची नावे असतात, आणि तिने काही विचारावे एवढ्यात पुढच्या रुग्णाचा पुकारा झालेला असतो. एस. टी. गावच्या फाट्यावर पोहोचेपर्यंत भूल उतरू लागते. संध्याकाळी मूल जेवत नाही, रात्री झोपत नाही. शेजारची एक बाई लवंग धरायला सांगते, दुसरी मिश्री चोळायला सांगते. बाप म्हणतो, दाढ काढलीच नसती तर बरे झाले असते. सकाळी आईला कामावर जायचे असते, कारण आदल्या दिवसाची मजुरी बुडालेलीच आहे. अशा रात्री महाराष्ट्रातील असंख्य घरांतून उजाडतात. त्यांची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात होत नाही.

दंतोपचारानंतर लहान मुलांना होणारी वेदना हा राजकीय साप्ताहिकाच्या मतपृष्ठाचा विषय कसा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बेकारी, महागाई आणि शेतमालाचे भाव यांच्या तुलनेत तो क्षुल्लक वाटेल. परंतु समाजव्यवस्थेची परीक्षा मोठ्या प्रश्नांइतकीच लहान प्रश्नांवरही होत असते. ज्या वेदनेवरचे औषध काही रुपयांत मिळते, ज्याचा वापर कसा करावा हे शास्त्राला पक्के ठाऊक आहे, ती वेदना एका घरात दोन तासांत शमते आणि दुसऱ्या घरात रात्रभर टिकते. हा फरक मुलाच्या दाढेत नसतो, तो त्याच्या आईबापांच्या सामाजिक स्थितीत असतो. म्हणूनच हा न्याय्य वाटपाचा प्रश्न आहे.

वेदनेवरचा अविश्वास

लहान मुलाचे दुखणे मोठ्यांना खरे वाटत नाही, ही या प्रश्नाची पहिली अडचण होय. ‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडणारच’, ‘मुले रडतातच’, ‘सकाळी खेळायला लागेल’ ही वाक्ये सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतात. आणि हा अविश्वास केवळ अडाणीपणातून आलेला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रगत राष्ट्रांच्या मोठ्या रुग्णालयांतूनही नवजात अर्भकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. अर्भकांची मज्जासंस्था अपरिपक्व असते, त्यांना वेदना फारशी जाणवत नाही आणि भूल मात्र सोसत नाही, असा समज वैद्यकात रूढ होता. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीतसिंग आनंद या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजाला मोठा धक्का दिला. ज्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना शस्त्रक्रियेच्या वेळी प्रभावी वेदनाशामक दिले गेले, त्यांच्या शरीरावरील ताण कमी राहिला आणि त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही कमी आढळले. जी गोष्ट प्रत्येक आई जाणून होती, ती मान्य करण्यास शास्त्राला इतका काळ लागला. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुःख नाकारणे सोपे असते. हा अनुभव समाजातील अन्य मूक घटकांनाही परका नाही.

मूल बोलके असले तरी वेदनेची भाषा त्याच्यापाशी अपुरी असते. चार वर्षांचे मूल ‘ठणका लागतो’ असे म्हणत नाही. ते जेवण नाकारते, खेळ सोडून कोपऱ्यात बसते, गालावर हात ठेवते, विनाकारण चिडते, रात्री पुनःपुन्हा उठते. काही मुले तर दुखत असूनही मुद्दाम गप्प राहतात, कारण ‘दुखते म्हणशील तर पुन्हा डॉक्टरकडे नेऊन सुई टोचू’ ही धमकी त्यांनी ऐकलेली असते. आपल्या घरांतून डॉक्टरची सुई हे शिक्षेचे साधन म्हणून वापरले जाते आणि मग तेच मूल दवाखान्यात सहकार्य करत नाही, अशी तक्रारही केली जाते. ‘काही दुखणार नाही’ हे खोटे आश्वासनही तितकेच घातक ठरते. एकदा फसलेले मूल दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. ‘थोडे टोचेल, मग ओठ जड होईल, संध्याकाळी जरा दुखेल आणि त्यासाठी औषध आहे,’ एवढे खरे सांगितले तर बहुतेक मुले ते समजून घेतात.

शास्त्र काय सांगते

याबाबतीत शास्त्र संदिग्ध नाही. दाढ काढल्यानंतरचे दुखणे सामान्यतः भूल उतरल्यावर, म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी व रात्री, सर्वाधिक असते आणि एकदोन दिवसांत ओसरते. दाढेच्या मुळाशी उपचार करून तीवर पोलादी टोपी बसवली असेल तर हिरडी दिवसदोन दिवस हुळहुळते. भूल पूर्ण उतरण्याआधीच वेदनाशामकाची पहिली मात्रा पोटात जावी आणि पहिला दिवस ती ठरावीक अंतराने देत राहावे, हे यातील साधे सूत्र आहे. ठणका सुरू होऊन मूल आकांत करू लागल्यावर दिलेले औषध उशिरा लागू पडते, आणि रडणाऱ्या मुलाला ते पाजणेही कठीण जाते.

औषधेही परिचयाचीच आहेत. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने २०२३ साली मान्य केलेल्या, बारा वर्षांखालील मुलांसंबंधीच्या मार्गदर्शक सूत्रांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांच्या वर्गातील औषधांनाच अग्रक्रम दिला आहे. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलोग्रॅम वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर राहावे आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा होऊ नयेत. आयबुप्रोफेन दर किलोग्रॅममागे ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी आणि काही खाल्ल्यावर देतात. तथापि मुलाला मूत्रपिंडाचा विकार असेल, उलट्याजुलाबांनी अंगातील पाणी कमी झाले असेल किंवा अशा औषधाने पूर्वी दमा उसळला असेल तर ते टाळावे लागते. पावसाळ्यात ताप असलेल्या मुलाला डेंग्यूची शंका असेल तेव्हाही आयबुप्रोफेन देऊ नये.

काय देऊ नये हेही तितकेच स्पष्ट आहे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, कारण विषाणूजन्य तापात त्यामुळे यकृत व मेंदूला इजा करणारा एक विरळा परंतु गंभीर विकार उद्भवू शकतो. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची औषधे बारा वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा आदेश अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ साली काढला, कारण काही मुलांच्या शरीरात त्यांचे रूपांतर अतिवेगाने होऊन श्वास मंदावतो. जंतुनाशक औषध म्हणजे वेदनाशामक नव्हे. संसर्ग पसरलेला नसताना ते दिल्याने ठणका थांबत नाही. लवंगेचे तेल लहान मुलाच्या तोंडात सोडणे धोक्याचे आहे, कारण ते पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते. मिश्री तर सरळ तंबाखूच होय. तंबाखूयुक्त दंतमंजन व पेस्ट यांवर आपल्या देशात १९९२ सालीच बंदी आली, पण घरोघरी भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत तो कायदा पोहोचलेला नाही.

औषधाबरोबर काही साध्या गोष्टीही सांभाळाव्या लागतात. कापसाचा बोळा वीसतीस मिनिटे दाबून धरावा. त्या दिवशी जोराने चुळा भरू नयेत, थुंकत राहू नये. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी थोडा थोडा वेळ ठेवावी, शेक देऊ नये. मऊ आणि गार अन्न द्यावे. लाळेत थोडी लाली दिसली तर घाबरण्याचे कारण नसते. ओठ दोनतीन तास बधिर असतात, तेवढा वेळ मुलावर नजर ठेवावी. गंमत वाटून मूल तो ओठ चावत राहते, दुसऱ्या दिवशी तो सुजतो, त्यावर पांढरट पिवळा पट्टा येतो आणि घरची माणसे पू झाला असे समजून भलतीच औषधे आणतात. खरे म्हणजे ती चावल्याची जखम असते आणि बहुधा आपोआप भरून येते. मात्र रक्त दाबूनही थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर दुखणे वाढत असेल, ताप येत असेल, गाल सुजत असेल, तोंड उघडणे किंवा गिळणे कठीण होत असेल, तर विलंब न करता मुलाला परत दवाखान्यात नेले पाहिजे.

हे सारे सांगायला दहा मिनिटे पुरतात. ती दहा मिनिटे गरिबाच्या वाट्याला येत नाहीत, येथून खरा प्रश्न सुरू होतो.

चमच्याचे अर्थशास्त्र

सोळा किलोग्रॅम वजनाच्या मुलाचे उदाहरण घेऊ. त्याला पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा १६० ते २४० मिलिग्रॅम लागते. बाजारात मिळणाऱ्या एका पातळ औषधात दर पाच मिलिलीटरला १२५ मिलिग्रॅम औषध असते. ‘एक चमचा द्या’ असे ऐकून आलेली आई पाच मिलिलीटर देते, म्हणजे आवश्यक त्या किमान मात्रेपेक्षाही कमी. मूल रडतच राहते. औषधात दम नाही, असा निष्कर्ष निघतो आणि दुकानदाराकडून ‘जरा भारी’ काही आणले जाते. दुसऱ्या एका बाटलीत तेवढ्याच चमच्यात २५० मिलिग्रॅम औषध असते. पहिल्या बाटलीच्या अनुभवावरून तीतले दोन चमचे दिले तर मात्रा दुपटीवर जाते. तान्ह्या मुलांसाठी थेंबांची जी बाटली मिळते, तीत एका मिलिलीटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते. ती चमच्याने पाजली तर अनर्थच. अशी अतिरिक्त मात्रा वारंवार गेली तर यकृताला इजा होते. त्यात घराघरांतील चमचा वेगळा. बाटलीबरोबर आलेले मापाचे टोपण हरवले की पोह्याचा चमचा हेच माप ठरते.

म्हणजे एकच औषध, एकच आजार आणि तेच प्रेम असलेली आई. पण एका घरात मात्रा अपुरी पडते, दुसऱ्या घरात ती धोकादायक होते. दोष आईचा नाही. मात्रा वजनावर ठरते हे तिला कोणी सांगितलेले नाही, मुलाचे वजन दंतविभागात कोणी केलेले नाही आणि बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरे तिच्यासाठी छापलेली नाहीत. वास्तविक सहा वर्षांखालील मुलाचे वजन तिच्या गावातच नोंदलेले असते. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाडीत वजनकाटा आहे आणि वजनाचा तक्ताही आहे. तो तक्ता आणि दंतवैद्याचा केसपेपर यांची गाठ मात्र कधी पडत नाही. साधनसामग्री असूनही ती एकमेकींना जोडली न जाणे हे आपल्या कल्याणकारी योजनांचे जुनेच दुखणे आहे.

औषधांच्या व्यापारी नावांनी या गोंधळात भरच टाकली आहे. एका बाटलीत केवळ पॅरासिटामॉल, दुसरीत आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल यांचे मिश्रण, आणि दोन्हींची नावे एकमेकांशी संबंध नसलेली. दुखण्यासाठी एक आणि तापासाठी दुसरी बाटली देणाऱ्या आईला आपण एकच औषध दोनदा पाजत आहोत हे कळावे तरी कसे? १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली होती. त्या शिफारशीला पन्नास वर्षे लोटली. सरकारे आली आणि गेली, व्यापारी नावे मात्र राहिली.

बाजाराचे मौन

मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतील की, मागणी असेल तेथे पुरवठा होतोच. या प्रकरणात तो का होत नाही, हे पाहण्यासारखे आहे. दंतवैद्याला मोबदला मिळतो तो दाढ काढल्याचा, दात भरल्याचा, टोपी बसवल्याचा. आईशी दहा मिनिटे बोलण्याला बाजारात किंमत नाही. ज्या खासगी दवाखान्यात एकूण शुल्कच भरपूर असते, तेथे ती दहा मिनिटे त्यात सामावून जातात आणि रात्री दूरध्वनीवर विचारपूसही होते. जेथे शुल्क नाही आणि रांग लांब आहे, तेथे तीच दहा मिनिटे पहिल्यांदा कापली जातात. पॅरासिटामॉल इतके स्वस्त आहे, आणि त्याची किंमतही नियंत्रित आहे, की ते नीट कसे वापरावे हे शिकवण्यात कोणत्याही कंपनीला रस नाही. प्रचाराचा पैसा जातो तो नव्या, महाग आणि मिश्र औषधांकडे.

निमेसुलाइड या औषधाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. यकृताला होणाऱ्या इजेच्या तक्रारींवरून फिनलंड आणि स्पेन या देशांत २००२ साली त्याची विक्री थांबली. आपल्या देशात मात्र मुलांसाठी त्याची पातळ औषधे त्यानंतरही वर्षानुवर्षे विकली जात होती. बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यावर बंदी आली ती २०११ साली. मधल्या वर्षांत किती मुलांना तापावर आणि दातदुखीवर ते पाजले गेले, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही. पुढे २०१६ साली केंद्र सरकारला ३४४ मिश्र औषधांवर एकाच वेळी बंदी घालावी लागली. जे औषध तर्कशुद्ध नव्हते ते बाजारात आले कसे, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडणार नाही. ते नफ्याच्या शास्त्रात सापडेल.

मनुष्यबळाचीही अशीच गत आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील फार मोठी संख्या खासगी आहे. भरमसाट शुल्क भरून पदवी घेतलेला तरुण दंतवैद्य कर्ज फेडण्यासाठी शहरातच दवाखाना थाटतो. एका रस्त्यावर चार दवाखाने आणि एका तालुक्यात एक दंतवैद्य, हे चित्र त्यातून उभे राहते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य साधारणतः नसतोच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांच्या किडीचा समावेश आहे ही चांगली गोष्ट होय. पण शाळा व अंगणवाड्यांना भेट देणाऱ्या त्याच्या पथकाच्या रचनेत दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता आहेत, दंतवैद्य नाही. कीड आढळली की चिठ्ठी दिली जाते. चिठ्ठीपासून दवाखान्यापर्यंतचा आणि दवाखान्यापासून घरच्या रात्रीपर्यंतचा प्रवास कुटुंबाने आपल्या खर्चाने करावयाचा. आरोग्यविम्याच्या सरकारी योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत. दाढ काढून त्याच दिवशी घरी जाणारे मूल त्यांच्या हिशेबात सहसा बसत नाही.

मोफत सेवा पुरेशी आहे काय?

दातांचा प्रश्न समाजवादी चळवळीला नवा नाही. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. तीनच वर्षांनी, १९५१ च्या अर्थसंकल्पात, शस्त्रास्त्रांवरील वाढत्या खर्चासाठी कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क लावण्यात आले. त्या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी या मुद्द्यावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा नेता त्या वेळी अनेकांना हट्टी वाटला. पण गरजवंताकडून गरजेच्या क्षणी पैसे मागण्यास एकदा सुरुवात झाली की ती कोठे थांबेल याचा भरवसा नसतो, हे बेव्हन जाणून होते.

तथापि एवढ्यावर समाधान मानणे हा आत्मवंचनेचा मार्ग ठरेल. न्यूझीलंडने १९२१ सालीच शाळकरी मुलांसाठी सार्वजनिक दंतसेवा उभारली. तरुण स्त्रियांना खास प्रशिक्षण देऊन शाळाशाळांतून नेमण्यात आले. खेड्यांतल्या मुलांनाही विनामूल्य उपचार मिळू लागले आणि जगातून शिष्टमंडळे ती योजना पाहण्यास आली. परंतु पायाने चालवावयाच्या यंत्राने, पुष्कळदा भूल न देताच, दात कोरले जात. मुलांनी त्या दवाखान्यांना नाव दिले होते ‘खुनाचे घर’. सेवा सार्वजनिक होती, मोफत होती, सर्वांपर्यंत पोहोचली होती. तरीही त्या पिढीतील अनेकांच्या मनात दंतवैद्याची धास्ती आयुष्यभर राहिली. सेवा देणाऱ्यांनी दात मोजले, वेदना मोजली नाही.

या इतिहासाचा धडा आपल्या कार्यकर्त्यांनी मनावर घेण्यासारखा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत करण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण शुल्क माफ झाल्याने प्रवास वाचत नाही, मजुरी परत मिळत नाही, आणि मूल रात्रभर कळवळले तर त्या मोफत सेवेवरचा विश्वास मात्र जातो. सरकारी दवाखान्यात दाढ काढली आणि पोर मरता मरता वाचले, ही कहाणी वाडीवस्तीवर दहा वर्षे सांगितली जाते. पुढच्या वेळी तेच कुटुंब सूज डोळ्यापर्यंत चढेपर्यंत थांबते, किंवा कर्ज काढून खासगी दवाखाना गाठते. सार्वजनिक सेवेच्या खासगीकरणाला विधिमंडळातील ठरावच लागतो असे नाही. अशा एकेका रात्रीनेही ते घडत असते.

‘सरकारजवळ पैसा नाही’ हे उत्तर येथे लागू पडत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन दिले होते. २०२१-२२ च्या शासकीय हिशेबानुसार तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोक थेट आपल्या खिशातून भरत होते. तो लढा चालूच राहील. परंतु येथे जे मागावयाचे आहे त्याला अडीच टक्क्यांची वाट पाहण्याची गरज नाही.

मागण्या आणि काम

पहिली मागणी अशी की, दंतोपचारापूर्वी प्रत्येक मुलाचे वजन केले जावे आणि त्यानुसार मात्रा मिलिलीटरमध्ये, मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावी. आदिवासी भागात ती त्या भागातील बोलीत समजावून सांगावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मापाच्या टोपणावर खूण करून द्यावी. दुसरी, औषधाची बाटली आणि माप रुग्णालयातच हाती मिळावे आणि दंतवैद्याच्या सांगण्यानुसार पहिली मात्रा तेथेच पाजून मग मुलाला घरी पाठवावे. तिसरी, सार्वजनिक पुरवठ्यात मुलांचे पॅरासिटामॉल एकाच तीव्रतेचे व मूळ नावाचे असावे. चौथी, दाढ काढलेल्या मुलाची विचारपूस दुसऱ्या दिवशी गावातील आशा कार्यकर्तीने करावी आणि त्या कामाचा मोबदला तिला मिळावा. सेवाभावाच्या नावाखाली तिच्यावर आणखी एक बिनपगारी ओझे टाकणे हा एका अन्यायावर दुसऱ्या अन्यायाचा उतारा ठरेल.

मुळात मुलांची दाढ काढण्याची वेळच कमी यावी, हे अंतिम उद्दिष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. पाच रुपयांचे गोड बिस्किट वाडीवरच्या दुकानात पोहोचते, फ्लोराइडची पेस्ट आणि ब्रश पोहोचला तरी त्याची सवय पोहोचत नाही. स्कॉटलंडने बालवाड्यांतून मुलांना रोज दात घासावयास लावून किडीचे प्रमाण कमी केले. अंगणवाडीत हे अशक्य नाही. पण प्रतिबंधाचे फळ वर्षांनी मिळते. ज्या मुलाची दाढ आज निघाली आहे, त्याला आजच्या रात्रीचे उत्तर हवे आहे.

हे काम केवळ निवेदनांचे नाही. पक्षाच्या शाखांनी आपल्या तालुक्यातील रुग्णालयाच्या दंतविभागात एक दिवस बसून पाहावे. किती मुलांचे वजन झाले, किती आयांना मात्रा समजली, किती जणींच्या हाती औषध पडले, एवढे तीन प्रश्न विचारून नोंद करावी आणि ती नोंद घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे जावे. त्या विभागातील दंतवैद्य व परिचारिका हे आपले विरोधक नव्हेत. लांब रांगेपुढे तेही हतबल असतात, आणि अशी मागणी बाहेरून आली तर त्यांचेही हात बळकट होतात.

समाजवादाची व्याख्या अनेकांनी अनेक प्रकारे केली आहे. तालुक्याहून परतलेल्या त्या आईला त्यांतील एकही ठाऊक नसेल. पण दिवा मालवल्यानंतर शेजारी मूल शांत झोपले आहे आणि सकाळी आपल्याला कामावर जाता येईल, एवढे तिला कळेल. ते घडवून आणणे आजच्या साधनांत शक्य आहे, आणि म्हणूनच ते न घडण्याला क्षमा नाही.